सगळ्यात नवीन कोण

आयसीयूच्या काचेच्या दारातून बाहेरच्या हॉलच्या कडेला सतरा जोड चपला दिसत होत्या, दोन जोड बूट दिसत होते आणि एक सुटा निळा कॅनव्हासचा बूट. चपलांपैकी नऊ जोड बायकांचे. तीन जोडांच्या तळांना उसाच्या फडातली ओली माती लागून वाळली होती. सुटा बूट कुणाचा आणि त्याचा जोडीदार कुठे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त मोजत होते.

"चपला मोजताय, मॅडम?" तबस्सुम माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली.

"हो."

"कुणी चोरायला लागलंय का?"

"माणसं किती बसलीत ते कळतं. मधे खांब आहे ना, माणसं दिसत नाहीत."

"आणि किती झाली की घाबरायचं?"

ती हसत होती. मीही हसले. आमच्या मागे सिरिंजमध्ये औषध भरत असलेल्या साळवे सिस्टर मात्र हसल्या नाहीत.

ही नऊ वर्षांपूर्वीची, मार्च महिन्यातली गोष्ट. मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून सोलापूर रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी, खासगी हॉस्पिटलमध्ये नोकरीला लागले होते. लॅबमध्ये जागा नव्हती. एचआरमध्ये होती, ती घेतली. नोकरीला तीन महिने झाले तेव्हा आमचे संचालक डॉ. बिराजदार यांनी मला बोलावून विचारलं, "आयसीयूतल्या पोरी का टिकत नाहीत? तुम्ही सायन्सवाल्या. शोधून काढा."

आयसीयूत सहा खाटा होत्या आणि नर्सच्या सहा जागा. त्यातल्या चारच भरलेल्या. नवीन मुली येत, काही आठवड्यांत जात. मला वाटलं, पगार असेल. पण जनरल वॉर्डात तोच पगार होता आणि तिथल्या जात नव्हत्या. मग वाटलं, रात्रपाळी. रात्रपाळी वॉर्डातही होती. हॉस्टेलचं जेवण, बाथरूमचं पाणी, सगळं तपासलं. सोडून गेलेल्यांना फोन केले. सगळ्या एकच सांगायच्या, "घरचे नको म्हणतात, मॅडम." एकीने तेवढंही सांगितलं नाही. मी कुठून बोलतेय ते ऐकून तिने फोन ठेवला. परत लावला तर बंद.

त्या बंद फोनने मला विचारात पाडलं. पगार कमी म्हणून कुणी असा फोन ठेवत नाही.

"सर, आपण मुलाखत चौथ्या मजल्यावर एसीत घेतो," मी डॉ. बिराजदारांना म्हणाले. "चहा-बिस्किटं देतो, औषधांचे डोस विचारतो. ज्या खोलीत त्यांना काम करायचंय ती त्यांना रुजू झाल्यावर दिसते. नेमणूक करण्याआधी त्यांना एक पूर्ण ड्यूटी आत काढू द्या. सगळं बघू द्या. मग हो की नाही ते त्याच सांगतील."

"आधी दाखवलं तर कोण येईल?"

"न दाखवता आलेल्यांपैकी कोण राहिलंय, सर?"

 "लॅबमध्ये उंदरांवर प्रयोग करायची सवय तुम्हाला," ते म्हणाले. "करा. एक करा. पण ऐका. चार जणींवर सहा खाटा चालवायच्या म्हणजे रोज कुणाच्या तरी जिवाशी खेळ. या महिन्यात टिकणारी पाचवी मिळाली नाही तर एक तारखेपासून मी आयसीयूला कुलूप घालणार. मग पेशंट सोलापूरला जातील. पोचले तर पोचले." मी उठले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "आणि तिच्याबरोबर ड्यूटीभर तुम्हीही आत थांबायचं. ती काय बघून पळते ते तुम्ही बघा."

मी तोवर आयसीयूत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

तबस्सुम मुजावर पुण्याची नोकरी सोडून परत आली होती. वडील नव्हते, आई गावात एकटी. आमच्याइतकं जवळ काम देणारं दुसरं मोठं हॉस्पिटल नव्हतं. "मला इथंच पाहिजे," तिने मला सरळ सांगितलं होतं. "म्हणून तर नीट बघून घेणार. एकदा हो म्हटलं की मी पळत नाही. पळायचं असेल तर आधीच पळते."

म्हणून त्या सकाळी आम्ही दोघी हिरवे गाउन घालून आत उभ्या होतो. साळवे सिस्टर इनचार्ज होत्या. मूळच्या नगरच्या, पन्नाशीच्या, आवाज कायम खालचा. अठरा वर्षांपूर्वी ही खोली सुरू झाली तेव्हापासून त्या तिथे होत्या. त्यांच्या जोडीला त्या ड्यूटीवर कांबळे सिस्टर, त्याही जुन्या.

तबस्सुम प्रत्येक वस्तूला हात लावून बघत होती. सक्शन मशीन चालवून बघितलं, ऑक्सिजनचा दाब बघितला, कपाटं उघडली. मग म्हणाली, "सिस्टर, इथं दारं किती?"

"दोन. हे पुढचं काचेचं. आणि ते मागचं, रॅम्पवर उघडतं."

"मागचं कशाला?"

"सिलिंडर आणायला." साळवे सिस्टर थांबल्या. "आणि डॉक्टरांना."

पुढच्या दाराला आतून कडी होती. साधी नव्हे, गोदामाच्या दाराला असते तसली, हातभर लांबीची लोखंडी. काचेच्या दाराच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ती पट्ट्या ठोकून बसवली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. काचेला एवढी जाड कडी का लागावी, हे मला कळेना.

"आणि मॅडम, ही काच नवीन आहे," तबस्सुम हळूच म्हणाली. "बाजूच्या दोन जुन्या आहेत, त्यांच्यावर ओरखडे आहेत. हिच्यावर एक पण नाही."

मी साळवे सिस्टरांकडे बघितलं. त्या तिसऱ्या खाटेकडे वळल्या.

तिसऱ्या खाटेवर ओंकार होता. बावीस वर्षांचा. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली होती. डोक्याला मार. व्हेंटिलेटरवर त्याची छाती ठरावीक वेळाने वर येत होती, खाली जात होती. पायांवर चादर. खाटेखाली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात त्याचे कपडे.

दुपारपर्यंत सगळं शांत होतं. तबस्सुम साळवे सिस्टरांबरोबर ओंकारला कुशीवर वळवत होती, त्याच्या तोंडात साठलेलं ओढून काढत होती, आणि काम करता करता त्याच्याशी बोलत होती. "ओंकारभाऊ, जरा पाठ पुसू दे. मोठा माणूस झालास, पण कानामागं किती मळ आहे बघ." कांबळे सिस्टर तोंडावर हात ठेवून हसल्या. साळवे सिस्टरही पहिल्यांदा हसल्या. मला वाटलं, ही राहणार.

मग त्याचा रक्तदाब उतरायला लागला.

मॉनिटरचा आवाज आधी मला वेगळा वाटलाच नाही. कांबळे सिस्टर धावल्या म्हणून कळलं. डॉ. घोडके आले. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे असतील. त्यांनी औषधं सांगितली, साळवे सिस्टरांनी ती आधीच हातात घेतली होती. मग ते ओंकारच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागले. तबस्सुमने व्हेंटिलेटरची नळी काढून रबरी पिशवीने त्याला हवा द्यायला सुरुवात केली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या गाउनची नाडी सुटून लोंबत होती आणि ती बांधायला माझी बोटं वळत नव्हती.

ते किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. मोजायचं सुचलंच नाही. शेवटी डॉ. घोडके थांबले. त्यांच्या नाकाच्या टोकावरून घाम चादरीवर पडत होता. त्यांनी डोळ्यांवर टॉर्च मारून बघितलं आणि नुसती मान हलवली.

त्यानंतर जे झालं ते इतकं न बोलता झालं की ते पूर्वी अनेकदा झालंय हे मला समजलं.

कांबळे सिस्टरनी मॉनिटरचा आवाज बंद केला. साळवे सिस्टरनी खाटेभोवतीचा पडदा ओढला, पण पूर्ण नाही. काचेच्या बाजूने वीतभर फट ठेवली. मग तबस्सुमच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि व्हेंटिलेटरची नळी परत जोडली. ओंकारची छाती पुन्हा वर आली. खाली गेली.

"सिस्टर, तो गेलाय," तबस्सुम म्हणाली.

"माहितीये. बाहेरून बघितलं तर हलताना दिसायला पाहिजे. थोडा वेळ."

"कशासाठी?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. डॉ. घोडके आपली बॅग घेऊन मागच्या दाराने निघून जात होते. दार लागलं. रॅम्पवरून त्यांची पावलं पळत गेलेली ऐकू आली.

"डॉक्टर कुठे गेले?" मी विचारलं.

"गेले," कांबळे सिस्टर म्हणाल्या. "आम्ही थांबवत नाही. मागच्या वर्षी ज्यांना थांबवलं त्यांचा हात मोडला. लहान लेकरू आहे घोडके सरांना."

साळवे सिस्टर दारापाशी गेल्या आणि कडी लावली. लोखंड लोखंडावर घासलं. आतल्या इतर पाच खाटांवरच्या पेशंटपैकी एक म्हातारे शुद्धीत होते. त्या आवाजासरशी त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

मी काचेतून बाहेर बघितलं. हॉलची कड मोकळी होती. एकही चप्पल नव्हती. फक्त तो निळा बूट.

"गेले वाटतं," मी म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की मी ते मोठ्याने बोलले.

"गेले नाहीत," साळवे सिस्टर म्हणाल्या. "चपला पायात घातल्यात. उठलेत सगळे."

तेव्हाच मला खांबामागून येणारा आवाज ऐकू आला. बोलणं नव्हतं. पुष्कळ माणसं एकदम उभी असतात तेव्हा जो एक आवाज असतो तो.

"आता त्यांना सांगायला पाहिजे," कांबळे सिस्टर म्हणाल्या. मग त्या दोघींनी तबस्सुमकडे बघितलं.

तिनेही त्यांच्याकडे बघितलं. "काय?"

"बाहेर जाऊन सांगायचं," साळवे सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खालचा. "सगळ्यात नवीन जी असते ती जाते. तिला कुणी ओळखत नाही. तिनं सुई टोचलेली कुणी बघितलेली नसते, तिच्याशी कुणाचं भांडण झालेलं नसतं. तिच्यावर राग नसतो कुणाचा. आम्ही गेलो तर आम्हाला धरतील. तू गेलीस तर काही करणार नाहीत."

"आणि कडी?"

"तू बाहेर गेलीस की लावतो. आत पाच पेशंट आहेत, बाई."

"हे कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"ठरवलं कुणीच नाही. असंच चालत आलंय. पहिल्या वर्षी मीच नवीन होते. मीच गेले होते."

"शिल्पा गेली होती?" मी विचारलं. शिल्पा म्हणजे फोन ठेवून देणारी.

"गेली होती."

"अश्विनी? ती केरळची जिनी?"

"सगळ्याच जातात एकदा."

तबस्सुमने मागच्या दाराकडे बघितलं.   मला तेवढंच दिसत होतं. ही आता मागच्या दाराने जाईल आणि तिचाही फोन उद्यापासून बंद असेल. एक तारखेला या खोलीला कुलूप लागेल.

"ती अजून इथली नाही," मी म्हणाले. "तिला नेमणुकीचा कागद दिलेला नाही. तिला पाठवता येणार नाही."

साळवे सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. दुष्टपणा नव्हता त्या बघण्यात. त्या खरंच विचार करत होत्या. "मग सगळ्यात नवीन कोण?" त्या म्हणाल्या. "तुम्ही, निलम मॅडम. तुम्हीही आजच पहिल्यांदा आत आलाय."

बाहेरून दारावर थाप पडली. काच थरथरली.

मी गेले. धैर्याने गेले असं नाही. नाही म्हणायला जी ताकद लागते ती माझ्यात नव्हती. साळवे सिस्टरांनी कडी सरकवली, दार माझ्यापुरतं उघडलं. मी बाहेर पाऊल टाकलं आणि माझ्या पाठीमागे कडी परत लागली.

तो आवाज मी अजून ओळखते. कुठल्याही गोदामाचं, दुकानाचं शटर बंद होताना तसा आवाज आला की माझी पाठ आखडते.

माणसं खांबाच्या दोन्ही बाजूंनी पुढे आली. सगळ्यात पुढे पांढऱ्या टोपीचा, रुंद हाडापेराचा एक माणूस. त्याच्यामागे एक बाई जमिनीवर बसलेली. फक्त तिच्या पायात काही नव्हतं.

"काय झालं ओ, बाई?" टोपीवाला म्हणाला. "मी मामा हाय त्याचा. मगाधरनं पळापळ चाललीय आत. कुणी सांगंना झालंय. डाक्टरला बोलवा."

मी वाक्य तयार करून आले होते. आम्ही शक्य ते सगळं केलं. पाच शब्द. त्यातला पहिलाही मला आठवेना.

"डॉक्टर..."

"बोला की. आवाज गेला का?"

"डॉक्टर आत..."

जिन्यातून कुणीतरी ओरडत वर आला. "मामा, ओ मामा! मागच्या बाजूनं गाडी गेली त्याची! पळाला डाक्टर!"

 मग मामांनी माझं मनगट धरलं. दाबलं नाही, पिळलं. "पळाला?" ते म्हणाले. "पळाला मंजी पोरगं गेलं आमचं. आन् तुला पाठवली व्हय बोलायला? कोण हाईस तू? नर्स हाईस का?"

"नाही."

"मग कोण हाईस?"

मी कोण होते? एचआर हे मी त्यांना काय सांगणार होते? त्यांच्या मागून एक प्लास्टिकची खुर्ची माझ्या डोक्यावरून गेली आणि दारावर आदळली. काच फुटली नाही. तिच्यावर वरपासून खालपर्यंत जाळं उमटलं आणि त्या जाळ्यात मला माझे चार-पाच तुकडे दिसले. मी खाली बसायचा प्रयत्न केला. मनगट मामांच्या हातात होतं, त्यामुळे मी लोंबकळल्यासारखी अर्धी वाकून राहिले. दुसरी खुर्ची कुणीतरी उचलली होती. ती खाली बसलेल्या बाईच्या डोक्यावरून वर जाताना मला दिसली.

आणि पाठीमागे कडी सरकली.

दार उघडलं. फटीएवढं नाही, पूर्ण. तबस्सुम बाहेर आली. तिने दार ओढून घेतलं नाही. आतल्या गार हवेचा झोत माझ्या मानेवर आला.

"ओंकारची आई कोण आहे?" तिने विचारलं.

 जमिनीवर बसलेल्या बाईने मान वर केली.

"मावशी, चला. त्याच्याजवळ चला."

"आत नेऊन काय दाखवतीस?" मामा गरजले. "जित्ता हाय का न्हाई, ते बोल आधी!"

"नाही, मामा. गेला. आत्ता, थोड्या वेळापूर्वी. मी हवा देत होते त्याला. माझ्या हातात गेला."

इतकं सरळ त्यांना कुणीच सांगितलं नसावं. त्यांची बोटं माझ्या मनगटावर ढिली पडली, मग परत आवळली. "आन् डाक्टर?"

"भिऊन पळाला."

"का? का पळाला? मारलं का त्यानं माझ्या भाच्याला?"

"नाही. शेवटपर्यंत छाती दाबत होता त्याची. घामानं भिजला होता. नंतर तुम्हाला भिऊन पळाला. मीही भितेय. बघा." तिने उजवा हात पुढे केला. तो थडथडत होता. नुसता कापत नव्हता, कोपरापासून उडत होता. "पण आईनं असं दाराबाहेर जमिनीवर बसून ऐकायचं का हे? तिला जाऊ द्या आत. मग काय फोडायचं ते फोडा."

वर गेलेली खुर्ची कुणीतरी खाली ठेवली.

ओंकारची आई उठली. ती दाराकडे आली नाही. आधी हॉलच्या कडेला गेली, वाकून तो निळा बूट उचलला, पदराने पुसला आणि मग तबस्सुमच्या मागून आत आली. मामांनी माझा हात सोडला. मी त्यांच्यामागून आत गेले, कारण दुसरीकडे कुठे जावं ते मला सुचत नव्हतं.

साळवे सिस्टर दाराच्या बाजूला उभ्या होत्या, पाठ भिंतीला लावून. मामा त्यांच्यासमोरून गेले. मामांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

व्हेंटिलेटर बंद होता. बाहेर येण्याआधी तबस्सुमने तो बंद केला होता आणि पडदा पूर्ण उघडला होता. ओंकार स्थिर पडला होता. आईने त्याच्या कपाळावर हात ठेवला, मग छातीवर, मग पायावरची चादर बाजूला केली. पाय उघडे होते.

"दुसरा कुठंय?" ती म्हणाली. "रस्त्यावर एकच सापडला. रातभर घेऊन बसलीय मी."

तबस्सुमने खाटेखालची पिशवी ओढली, कपड्यांतून दुसरा निळा बूट काढला. दोघींनी मिळून ते त्याच्या पायात घातले. नाडी आईने बांधली. मग तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून हॉलमधल्या बायका रडायला लागल्या. पुरुष गप्प झाले. डोळे मिटून पडलेले म्हातारेबाबाही रडत होते.

"दोघं दोघं या," साळवे सिस्टर म्हणाल्या. त्यांना दोनदा म्हणावं लागलं.  "दोघं दोघं. घाई नाही."

खाली गेलेल्या काही पोरांनी रिसेप्शनची काच आणि दोन कुंड्या फोडल्या. पोलीस आले. पण वर, आमच्या दारात, त्यानंतर कुणी आवाज चढवला नाही. जाताना मामा माझ्यापाशी थांबले, माझ्या मनगटाकडे बघितलं. तिथे त्यांची बोटं उमटली होती.  मग मान खाली घालून गेले.

ड्यूटी संपल्यावर तबस्सुम कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून राहिली होती. मी पाणी दिलं. तिने घेतलं, निम्मं गाउनवर सांडलं.

"तू का आलीस बाहेर?" मी विचारलं. "मागचं दार उघडं होतं."

"गेले होते ना मागच्या दाराकडं," ती म्हणाली. "हात पण लावला त्याला. मग तुमचा आवाज ऐकला, 'नाही' म्हणताना. आत थांबणं जास्त भीतीचं होतं, मॅडम. तुम्ही बाहेर आणि कडी माझ्या बाजूला. रोज असंच असणार होतं. आज तुम्ही बाहेर, पुढच्या वेळी दुसरी कुणी बाहेर आणि कडी लावायला मी. ते मला जमलं नसतं."

"म्हणजे तू येणार नाहीस."

"ते तुमच्या साहेबांनी ठरवायचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती डॉ. बिराजदारांसमोर बसली. साळवे सिस्टरही होत्या, मी त्यांना बोलावलं होतं. मी काय बघितलं ते सांगितलं. नवीन मुलगी बाहेर जाते, तिच्यामागे कडी लागते, आणि त्यानंतर ती जाते. पगाराशी, रात्रपाळीशी काही संबंध नाही. डॉ. बिराजदारांना हे माहीत नव्हतं का, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता आलं नाही.

"मी रुजू होते, सर," तबस्सुम म्हणाली. "पण कडी काढा. नवीन मुलगी एकटी बाहेर जाणार नाही. डॉक्टर आणि जुनी सिस्टर, दोघं मिळून सांगतील. आणि ते दाराबाहेर नाही, आत बसवून. एवढं लिहून द्या."

"कडी काढली आणि जमाव आत घुसला तर?"

"काल घुसलाच की, सर. मीच घेतला."

"घोडके थांबणार नाही. तो राजीनामा देईल."

"मी त्यांना हाताला धरून नेईन," साळवे सिस्टर म्हणाल्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. त्या टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. "त्यांना भीती वाटते, मलाही वाटते. पण पोरी पाठवून झाल्या आता."

 डॉ. बिराजदारांनी फोन उचलून देखभालीच्या माणसाला पाना घेऊन आयसीयूत जायला सांगितलं.

काच बदलली. चौकटीवर कडीच्या पट्ट्यांची भोकं राहिली, ती बुजवली नाहीत. पुढे येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आम्ही एक पूर्ण ड्यूटी आत काढायला सांगायचो, आणि ड्यूटी संपताना साळवे सिस्टर तिला ती भोकं दाखवून सगळं सांगायच्या. मग ती घरी जाऊन काय ते ठरवायची.

त्याआधीच्या वर्षी आयसीयूतून अकरा नर्स सोडून गेल्या होत्या. त्यानंतरच्या वर्षी, तबस्सुम धरून, सहा उमेदवारांनी एकेक ड्यूटी आत काढली. तिघी नको म्हणाल्या. तिघी रुजू झाल्या. कांबळे सिस्टर लेकीकडे पुण्याला राहायला गेल्या. वर्षाच्या शेवटी सहापैकी सहा जागा भरलेल्या होत्या. सोडून गेलेल्या: एक.